ट्रेलरला सगळे बोल्ट स्टेनलेसचे? जरा थांबा

बोटीच्या ट्रेलरबद्दल एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: जुने नटबोल्ट काढा आणि सगळे स्टेनलेसचे टाका. ताकद जास्त, गंज नाही, पुन्हा बघायला नको. आणि माल अस्सल आहे का, ते चुंबक लावून बघा, चिकटलं तर नकली, असंही त्यात असतं.

आधी ताकदीचं बोलू, कारण जिवाशी गाठ तिथे आहे. डोक्यावर ८.८ छाप असलेला साधा पोलादी बोल्ट किमान ८०० मेगापास्कल (ताणाचं एकक) ताणापर्यंत तुटत नाही आणि साधारण ६४० पर्यंत कायमचा ताणला जात नाही. नेहमी मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेसचे हेच आकडे ७०० आणि ४५०. म्हणजे त्याच मापाचा स्टेनलेस टाकलात की ताकद घटली. एक्सलचे यू-बोल्ट आणि चाकांचे स्टड यांच्यावर हा प्रयोग नकोच.

आता गंज. स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा, आणि तो टिकायला हवा लागते. वॉशरखाली खारं पाणी कोंडलं की तिथे हवा पोचत नाही. वरून डोकं चकचकीत. वॉशर उचलावा तर दांड्यावर तपकिरी कडं आणि बारीक खड्डे. दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जातीचं स्टेनलेस, म्हणजे ए४, जास्त तग धरतं. पण अमर तेही नाही.

शिवाय बोल्ट वाचला तरी सांगाडा जाऊ शकतो. ॲल्युमिनियमला स्टेनलेस टेकलं आणि खारं पाणी मिळालं की झिजतं ॲल्युमिनियम. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसते. तिथे ३१६ वापरा, पण नायलॉनचा वॉशर आणि बुश घालून. गॅल्व्हनाइज्ड सांगाड्याला मी हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, बोल्टच लावतो, नटही त्याच्याच जोडीचे, कारण जस्ताच्या जाड थरामुळे त्यांचे आटे सैल कापलेले असतात. तो थर ४५ मायक्रॉनच्या आसपास; झगमगीत झिंक प्लेटिंगचा बहुधा ५ ते १०. खाऱ्या पाण्यात ते प्लेटिंग फार दिवस पुरत नाही.

‘पुन्हा बघायला नको’ म्हणणाऱ्याने स्टेनलेसचा नट इम्पॅक्ट गनने आवळून बघावा. आटे एकमेकांना चिकटतात, मग नट ना पुढे ना मागे, कापावाच लागतो. अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारं वंगण, लावून हाताने, सावकाश आवळा. मात्र वंगण लावल्यावर कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळण्याचा पीळ) जसाच्या तसा देऊ नका, बोल्ट जास्त ताणला जातो.

राहिलं चुंबक. ३०४ (म्हणजे ए२) आणि ३१६ दोन्हींना ते जेमतेम ओढतं, आणि थंड अवस्थेत आटे पाडलेलं अस्सल ३०४ही थोडं चिकटतं. त्यापेक्षा डोक्यावरची छाप वाचा. छापच नसेल तर तो बोल्ट नंबरप्लेटला ठेवा.