यांचा दुतोंड्या मारुती कुठाय?

मामांना मलेशियाला न्यायचं मी कधी कबूल केलं, ते अजून आठवत नाही. बहुधा मिसळीबरोबर तिसरा पाव हवा म्हणून मान डोलावली आणि त्यांनी तीच धरून ठेवली.

मामा नाशिकचे जुने पंचवटीकर. गोदावरीला 'गंगा' म्हणणारे, आणि पावसाळ्यात पुराचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावर जगाचं बरंवाईट ठरवणारे. त्यांनी बॅगेत दोन किलो चिवडा भरला. "अहो मामा, तिकडे सगळं मिळतं," ही म्हणाली. "वरून कांदा घालून कोण देणार?" यावर ती काय बोलणार!

क्वालालंपूर म्हणजे 'चिखलाचा संगम'. क्लांग आणि गोंबाक या नद्या जिथे मिळतात, तिथे १९०९ ची जामेक मशीद आहे. गाइड कौतुकाने सांगत होता. मामा कठड्यावरून वाकून म्हणाले, "एवढीच होय? आणि पूर मोजतात कशावर? यांचा दुतोंड्या मारुती कुठाय? विचार ना त्याला." मी माझ्या इंग्रजीत विचारलं. गाइड आमच्याकडे एकदा बघून मुकाट्याने बसकडे निघाला.

पेट्रोनास टॉवर ४५२ मीटर उंच, ८८ मजली. फोनमध्ये एक तर टॉवर मावतात, नाही तर मामा. दोन्ही हवे असतील तर फोटो काढणाऱ्याने आडवं व्हायचं. मी फुटपाथवर उताणा पडलो. शेजारी देशोदेशीचे आणखी चार-पाच भाचे-जावई पडलेले होतेच. पहिल्या फोटोत टॉवरची टोकं कापली गेली, दुसऱ्यात मामांचे डोळे मिटले. तिसरा साधला, पण त्यात खालून दोन नाकपुड्या आणि त्यांच्यामागे दोन टॉवर असं काहीसं आलं. तोच मामांनी व्हॉट्सॲपला लावलाय. एक्केचाळिसाव्या-बेचाळिसाव्या मजल्यांवर दोन्ही टॉवर जोडणारा पूल आहे म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "शेजाऱ्याशी भांडण झालं की पंचाईत."

बाटू केव्ह्जच्या गुहा-मंदिराला २७२ पायऱ्या, २०१८ पासून रंगीबेरंगी रंगवलेल्या. मामा पायरीगणिक नाशिकच्या डोंगरावरच्या पांडवलेण्यांचा विषय काढत होते आणि मी दम खात होतो. मध्येच एका माकडाने चिवड्याची पुडी हिसकली, दाताने फाडली, आधी शेंगदाणे वेचले, मग खोबऱ्याचे काप, आणि पोहे खुशाल सांडून दिले. "अगदी आमच्या व्याह्यांसारखं खातंय," मामा म्हणाले. पुडी गेल्याचं दुःख तिथेच संपलं.

मलाक्का मात्र मला मनापासून आवडलं. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी हे बंदर. मग १६४१ मध्ये डच आले, १८२४ मध्ये इंग्रज. सामुद्रधुनी ज्याच्या हातात त्याच्या हातात मसाल्याचा व्यापार, त्यामुळे सगळ्यांचा डोळा इथेच. टेकडीवरच्या पडक्या सेंट पॉल चर्चमध्ये जाळीखाली एक रिकामी कबर आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये काही महिने इथे होतं, मग गोव्याला नेलं. मामांची अख्खी हयात सरकारी नोकरीत गेलेली. त्या खड्ड्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "मेल्यावरही बदली चुकली नाही बिचाऱ्याची."

खाली लाल रंगाचं क्राइस्ट चर्च, १७५३ चं. त्यासमोर गुलाबी बाहुल्यांनी मढवलेल्या, ठणाणा गाणी लावलेल्या सायकलरिक्षा. विसर्जनाच्या डीजेविरुद्ध दरवर्षी अर्ज करणारे मामा त्यातल्या सर्वांत कर्कश रिक्षात जाऊन बसले आणि चौकाला तीन फेऱ्या मारून आले. "प्रदक्षिणा," असं वर आम्हालाच ऐकवलं.

परत आल्यापासून पारडं फिरलंय. गंगेवर गेलो की, "तिकडे संगमाला कठडे कसे, बघितलेस ना?" पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, "रंगवायला काय धाड भरलीय यांना?" परवा मिसळ खाताना तर्री ओतता ओतता थांबले.

"काय रे, तो अल्बुकर्क मुळात कुठला?"

पुढचा धोका मला लख्ख दिसला. माझ्या मानेला मी आधी ताठ धरलं.

"वसईचा," मी म्हणालो.