नियमाआधी दंडाची कलमे वाचावीत

एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी एकतीस वर्षे गेली. त्या नोकरीने लावलेली एक सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कोणताही करारनामा हातात आला की पहिल्या पानावरची गोड भाषा मी वाचत बसत नाही. हप्ता चुकला तर काय, दंडव्याज किती, जप्ती कोणावर आणि सवलत कोणाला, हे जिथे लिहिलेले असते त्या मागच्या पानांकडे आधी वळते. समोरच्याला आपल्याकडून खरोखर काय हवे आहे ते तिथे कळते. दोन वर्षांपूर्वी मनुस्मृतीचे मराठी भाषांतर वाचायला घेतले, तेव्हाही बोटे आपोआप मागच्या पानांकडे गेली आणि आठव्या अध्यायापाशी थांबली, कारण तिथे चक्क व्याजाचे दर होते.

दरमहा शेकडा २, ३, ४ आणि ५, वर्णांच्या अनुक्रमाने. म्हणजे ब्राह्मण कर्जदाराला सालाचे २४ टक्के आणि शूद्राला ६०. जोखीम जास्त तिथे दर जास्त, हे बँकेत आम्हीही करत होतो. पण आमच्याकडे निदान कर्जदाराची पत तपासली जात असे. इथे पत जन्माबरोबरच ठरून आलेली आहे. त्याच अध्यायात पुढे शिवीगाळीचे दंड येतात. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर १०० पण (पण म्हणजे त्या काळचे नाणे), वैश्याने दिली तर दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राने दिली तर थेट शरीरदंड. उलट बाजूने पाहिले तर ब्राह्मणाने क्षत्रियाला अपशब्द वापरल्यास ५० पण, वैश्याला वापरल्यास २५ आणि शूद्राला वापरल्यास १२. ‘कोणालाही टाकून बोलू नये’ हा नियम सगळ्यांना मान्य होण्यासारखा आहे, पण दंडाचे कलम वाचल्यावर लक्षात येते की राखायची होती ती वाणीची शुद्धता नसून पायरी होती.

मात्र याच अध्यायात माझ्या सोयीचे नसलेले दोन श्लोकही आहेत, आणि ते झाकून ठेवणे म्हणजे खतावणीतली नको ती नोंद वगळण्यासारखे होईल. चोरीचा दोष शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट किंवा त्याहूनही अधिक सांगितला आहे, कारण ज्याला बरेवाईट जास्त कळते त्याची जबाबदारी जास्त. हे वाचून मी खरोखर थबकले. त्या ग्रंथाच्या घडणीत कोणाच्या तरी मनात न्यायाची अतिशय स्वच्छ कल्पना होती. प्रश्न एवढाच उरतो की ती कल्पना चोरीच्या कलमापुरतीच का राहिली, आणि शिवीच्या व व्याजाच्या कलमांत ती नेमकी उलटी का झाली.

धर्म नीतीचे नियम का करतात, या प्रश्नाचे लहानपणापासून ऐकलेले उत्तर असे की माणसाला वळण लागावे म्हणून. या उत्तरावरचा माझा विश्वास हळूहळू उडाला आहे. खून करू नये, चोरी करू नये, खोटे बोलू नये, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळावे, या गोष्टी ज्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते अशा समाजांना आपापल्या परीने कळलेल्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय दहा माणसे एका ठिकाणी सुखाने राहू शकत नाहीत. धर्माने ही नीती निर्माण केली नाही. चालत आलेली नीती त्याने आपल्या नावावर चढवून घेतली आणि तिच्याच सातबाऱ्यावर दुसरे दोन बोजे नोंदवले. आपला कोण आणि परका कोण, हा एक. वरचा कोण आणि खालचा कोण, हा दुसरा. हे तिन्ही एकाच आवाजात, एकाच देवाच्या नावाने सांगितले गेल्यामुळे ऐकणाऱ्याला चोरी आणि विटाळ एकाच जातीची पापे वाटू लागतात.

पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनचे चहा प्रकरण बहुतेकांना ठाऊक असते ते विनोदी किस्सा म्हणून. १८९० साली मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा आणि बिस्किटे आली; काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता मान ठेवला. जमलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी या खट्याळ गृहस्थांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहर पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, ग्रामण्य सुरू झाले. ग्रामण्य म्हणजे काय, हे आज नीट कळत नाही: घरच्या श्राद्धाला भटजी मिळत नाही, पंगतीला कोणी येत नाही, मुलीचे लग्न अडते. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांपैकी अनेकजण त्यांच्यावर नाराज झाले. तो चहा प्यायल्याने कोणाचे काय बिघडले, हा प्रश्न त्या गदारोळात गौण होता, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. ज्या पापामुळे दुखावलेला माणूस शोधूनही सापडत नाही, ते नीतीचे पाप नव्हे, कुंपणाचे पाप होय.

प्रायश्चित्ताच्या शास्त्रात ‘प्रत्याम्नाय’ नावाची एक सोय आहे. प्राजापत्य कृच्छ्र म्हणजे बारा दिवसांचे व्रत: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि शेवटचे तीन दिवस निर्जळ नसला तरी कडक उपास. ज्याला हे झेपत नाही त्याने त्याबदली गाय दान करावी, किंवा गायीची किंमत द्यावी. ती घेणारा कोण, हे सांगायला नको. आमच्याकडे याला एकरकमी तडजोड म्हणतात. थकबाकी बुडीत निघण्यापेक्षा थोडी वसूल झालेली बरी, हा व्यवहार मला समजतो आणि त्यात गैर काही नाही. फक्त आम्ही त्याला आत्मशुद्धी म्हणत नव्हतो.

हा दोष एकट्या हिंदू धर्माचा आहे असे कोणी समजू नये. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, अंमल होता. १७३६ च्या तिच्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांनी काय करू नये याची लांबलचक जंत्री आहे. तिच्यात अंगणात तुळस लावू नये असे आहे, आणि हिंदूंप्रमाणे भात मिठाशिवाय शिजवू नये असेही आहे. भातात मीठ घालायचे की ताटात वाढून घ्यायचे, यावर कोणाचा आत्मा तरेल किंवा बुडेल असे ते फर्मान काढणाऱ्या पाद्र्यांना मनापासून वाटत होते का, ते मला सांगता येत नाही. पण शेजारणीच्या चुलीवरचा भात आणि आपल्या चुलीवरचा भात सारखा राहिला तर उद्या दोघी एकाच देवळात दिसतील, हे त्यांना पक्के समजले होते. आणि आमच्या चिपळूणजवळचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले, तो तोंडी तलाकाच्या विरोधात. नवऱ्याने तीन शब्द उच्चारले की संसार संपला आणि बायकोला मात्र तसे उच्चारण्याची सोय नाही, या तेव्हाच्या नियमात नीती किती आणि पायरी किती, हे ठरवायला धर्मशास्त्र शिकावे लागत नाही.

आता जरा घरातले. आमच्या कोकणातल्या घराला मागची पडवी होती. ‘कावळा शिवला’ की आई आणि काकू तीन दिवस त्या पडवीत असत. एक सतरंजी, एक पोचे पडलेला पितळी तांब्या, आणि वरून वाढलेले ताट. पुढे मलाही तोच तांब्या मिळाला. अलीकडे व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर मला दर वर्षी कोणी ना कोणी पाठवते, की आपल्या पूर्वजांनी स्त्रीला विश्रांती मिळावी म्हणून ही प्रथा घातली. मी त्या पडवीत बसलेली आहे, म्हणून सांगते. घरातल्या गोधड्या विहिरीवर धुवायला याच तीन दिवसांत निघत. लाकूडफाटा आणायला, शेणी थापायला, अंगण करायला विटाळ आड येत नसे. लावणीच्या दिवसांत तर बाजूला बसलेली बाई इतरांबरोबरच गुडघाभर चिखलात वाकलेली असे. चूल विटाळायची, देव विटाळायचा. शेत कधी विटाळल्याचे मी पाहिले नाही. नियम कुठे शिथिल होतो ते पाहिले की तो कोणाच्या सोयीसाठी आहे ते कळते.

पुढे काका-काकू डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहायला गेले. दोन खोल्यांत पाच माणसे, मागचे दार नाही, पडवी नाही, आणि काकूखेरीज स्वयंपाकाला कोणी नाही. दोन महिन्यांत नियम संपला. कोणी प्रायश्चित्त घेतले नाही, कोणावर कोप झाला नाही, काकूने कोणाशी वादही घातला नाही. हजारो वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा सनातन नियम एका बिल्डरच्या नकाशाने मोडला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की धर्माचा धाक नसेल तर माणूस मोकाट सुटेल. या आक्षेपाला माझ्याजवळ एकच उत्तर आहे आणि तेही कीर्तनातले. ज्ञानेश्वरांची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसार केला, म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईबापांनी देह ठेवला, तरी चार लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. परंपरेने सांगितलेल्या या कथेत धर्मशास्त्र पूर्णपणे ब्रह्मवृंदाच्या बाजूने आहे. नियम स्पष्ट होता, दंड स्पष्ट होता. तरीही मांडवात बसलेल्या, माळ घातलेल्या, एकादशी न चुकवणाऱ्या माणसांचे डोळे मुलांसाठी भरून येतात, आणि ब्रह्मवृंदाची बाजू घेणारा एकही श्रोता मला आजवर भेटलेला नाही. बापाच्या वागण्याची शिक्षा लेकरांना देणे वाईट, हे त्या श्रोत्यांना कोणत्या स्मृतीने शिकवले? ते त्यांना आधीपासून माहीत आहे, आणि त्याच्याच आधाराने ते आपल्या धर्माच्या निवाड्याला चूक ठरवतात. ज्या मापाने धर्माचे नियमच जोखले जातात, ते माप धर्माने दिलेले कसे असेल?

वाळीत टाकण्याच्या प्रथेचेही शेवटी तेच झाले. जातपंचायतींचे निवाडे आणि दंड वर्षानुवर्षे रूढी म्हणून चालत राहिले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि बहिष्कार घालणाऱ्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे कलम घातले. दंडाचे कलम दंड करणाऱ्याकडे वळले. हे कोणत्याही धर्मपीठाने केलेले नाही, विधानसभेने केले. तेही अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून थकल्यावर, हे विसरता येत नाही.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. मागच्या गणपतीत माझी पुण्याची भाची आली ती नेमकी त्याच दिवसांत, आणि तिने तसे मोकळेपणाने सांगूनही टाकले. घरात एकशे एक मोदक वळायचे होते आणि वळणाऱ्या आम्ही दोघीच. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “हात धू आणि बस मोदक वळायला.” भाची बसली. दहा मिनिटांनी आईने आतून हाक मारून सांगितले, “देव्हाऱ्याकडे मात्र जाऊ नकोस हो.” त्या दिवशीचा नैवेद्य भाचीच्या हातच्या मोदकांचा होता.