खोका उलटा करून वाचा

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आसपास ज्यांची मेडिकलं आहेत, त्यांना एक वाक्य पाठ झालंय. "पेशंटला न्यायचाय, एखादा चांगला ज्यूस द्या." माणूस गावाकडनं एसटीनं आलेला असतो. वॉर्डात रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तो फ्रीजकडं बघतो. खोक्यावर कापलेलं संत्रं असतं, डाळिंबाचे लालभडक दाणे असतात. गोळ्यांच्या बिलात दहा रुपये कमी करा म्हणणारा माणूस ज्यूसचे पैसे मात्र एका शब्दात काढून देतो, कारण त्याच्या लेखी ते औषधच असतं.

मी फार्मासिस्ट आहे आणि मला हे स्पष्ट लिहायचंय. पॅकबंद ज्यूस ही साखरेची वस्तू आहे, तब्येतीची नाही. आवडतो म्हणून कधीतरी प्या, पाहुण्यांसाठी आणून ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण आजाऱ्याला, लहान लेकराला, गरोदर बाईला "अंगात ताकद येईल" म्हणून तो देऊ नका.

आधी आकडे बघूया. कोल्ड्रिंक वाईट हे आता घराघरात माहीत झालंय. कोलाच्या १०० मिलीत साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. आता शेजारच्या कप्प्यातला सफरचंदाचा ज्यूस घ्या, वरून एक चिमूटही साखर न घातलेला. त्यातही १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास निघते. डाळिंबाच्या रसात १२-१३, द्राक्षाच्या रसात १४ ते १६. संत्र्याचा त्यातल्या त्यात बरा, ८-९. आणि पोरांच्या हातात सगळ्यात जास्त दिसणारी आंब्याची ड्रिंक्स? बहुतेकांत १२ ते १५ ग्रॅम. त्यात आंब्याचा गर थोडा आणि साखरपाणी फार. आपल्या नियमाप्रमाणे 'फ्रूट ड्रिंक' म्हणवून घ्यायला १० टक्के फळ पुरतं. लिंबाचं असेल तर ५ टक्क्यांतही भागतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय, की रोजच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी 'फ्री शुगर'मधून, म्हणजे वरून घातलेल्या किंवा रसात मोकळ्या झालेल्या साखरेतून, यावेत आणि ५ टक्क्यांच्या आत राहिले तर आणखी चांगलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. आंब्याच्या ड्रिंकची २०० मिलीची एक बाटली पोरानं मधल्या सुट्टीत संपवली, की मोठ्या माणसाचा दिवसाचा कोटा तिथंच संपला. घरचा चहा, बिस्किटं, शिरा अजून बाकी आहेत.

आता 'नो अ‍ॅडेड शुगर'कडं येतो, कारण शिकलेली माणसं नेमकी इथं फसतात. फ्री शुगरच्या व्याख्येत मध येतो, पाक येतो आणि फळांचा रस व रसाचं कॉन्सन्ट्रेटही येतं. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत, कारण ती चोथ्यात आणि पेशींत अडकलेली असते, चावून खावी लागते, हळूहळू रक्तात उतरते. रस काढला की ती मोकळी झाली. शरीर त्या रेणूला विचारत नाही, बाबा तू संत्र्यातून आलास की कारखान्यातून. पण आपल्याकडच्या लेबलवर टक्केवारी लिहितात ती अ‍ॅडेड शुगरची, दिवसाला ५० ग्रॅम धरून. त्यामुळे २०० मिलीत २० ग्रॅम साखर असलेल्या ज्यूसवर अ‍ॅडेड शुगरच्या पुढं बिनदिक्कत शून्य छापता येतं. कायद्यानं ते बरोबर आहे. वाचणाऱ्याची मात्र दिशाभूल होते. म्हणून बघायची ती वरची ओळ, 'टोटल शुगर्स'.

मध्यंतरी गगनबावड्याकडचे एक मामा आले होते. मिक्स फ्रूटचा लिटरचा खोका काउंटरवर ठेवला. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, "भैणीसाठी. शुगर हाय तिला. म्हणून बिस्किटं नगं म्हटलं, ह्यो फळांचा हाय न्हवं." मी खोका उलटा केला. घटकांच्या यादीत पहिलं पाणी, मग फळांचं कॉन्सन्ट्रेट, मग साखर. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जे जास्त ते आधी. खाली तक्त्यात १०० मिलीला १३ ग्रॅम साखर. मामांना म्हटलं, तुमच्या कारखान्याचा उतारा किती लागला औंदा? "बाराच्या वर हाय की," लगेच उत्तर. म्हटलं, शंभर किलो उसाला बारा किलो साखर, तशी ह्यात शंभराला तेरा. सबंध खोक्यात अदपावापेक्षा जास्त साखर आहे. मामा थोडा वेळ खोक्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "मग ह्यो ऊसच की!" आणि खोका परत ठेवून शहाळं कुठं मिळंल ते विचारून गेले.

आपल्या जिल्ह्यात उताऱ्यात पाव टक्का इकडं-तिकडं झाला तरी गावच्या पारावर चर्चा होते. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. देशातल्या चांगल्या उताऱ्याच्या पट्ट्यात राहणारी ही माणसं. टक्केवारी वाचणं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. ती फक्त खोक्यावर वाचायची सवय नाही.

साखर असली तरी जीवनसत्त्वं असतातच ना, असा पुढचा प्रश्न येतो. फळाप्रमाणे फरक आहे. संत्र्याचा खरा रस असेल तर त्यात सी जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि थोडं फोलेट असतं, हे मान्य. सफरचंदाच्या रसात सी जीवनसत्त्व मुळातच नावापुरतं. खोक्यावर भरपूर लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा वरून घातलेलं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असतं, माझ्याकडच्या स्वस्तातल्या चघळायच्या गोळीत असतं तेच. १०० ग्रॅम पेरूत सी जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर मिळतं, संत्र्यात ५०-५५, आणि पेरूत वर पाच ग्रॅमच्या आसपास चोथा. कपिलतीर्थ मार्केटात पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडं हे सगळं असतं. पण त्यांच्या पेरूवर पोषणाचा तक्ता छापलेला नसतो, म्हणून तो आपल्याला साधा वाटतो.

डाळिंबाचं तर विचारू नका. "हिमोग्लोबिन कमी आहे, डाळिंबाचा ज्यूस द्या" म्हणत घरची माणसं येतात. रंग लाल म्हणून रक्त वाढतं, हा समज फार खोल रुजलाय. डाळिंबाच्या एक ग्लास रसात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. गरोदर बाईची दिवसाची गरज आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे २७ मिलिग्रॅम आहे. ज्यूसच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडलेल्या बायका मी पाहिल्यात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी घरात पडून राहते आणि महागाचा खोका प्यायला जातो. लिंबू पिळलेली उसळ, हिरव्या पालेभाज्या, खात असाल तर मटण आणि जोडीला ती गोळी, रक्त त्यानं वाढतं.

खोक्यातला रस तयार कसा होतो, तेही एकदा समजून घ्या. फळांच्या हंगामात रस काढतात, निर्वातात तापवून त्यातलं पाणी उडवतात, काकवीसारखा दाट कॉन्सन्ट्रेट उरतो. तो साठवतात, देशोदेशी पाठवतात आणि भरताना त्यात पुन्हा पाणी घालतात. या उलाढालीत वास जातो, तो नंतर वेगळा घालावा लागतो. चोथा तर आधीच गेलेला. यात बेकायदा काही नाही. पण अशा पाणी घालून परत केलेल्या रसावर '१०० टक्के फ्रूट ज्यूस' छापत होते, ते चुकीचं होतं. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, जून २०२४ मध्ये हा दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला सांगितला. किलोला १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर 'स्वीटन्ड ज्यूस' लिहावं लागतं, याचीही त्याच वेळी आठवण करून दिली. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हेही ठळक छापतात. रस तापवून निर्जंतुक करतात आणि निर्जंतुक खोक्यात बंद करतात, मग प्रिझर्व्हेटिव्हची गरज उरत नाही. ती पॅकिंगची करामत आहे. त्यानं साखर कमी होत नाही.

आणि हे कुणाला पटत नसेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटची साखर एकदम खाली गेली, हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, तर लगेच काय द्यायला सांगतात? १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, नाहीतर १२० ते १५० मिली फळांचा रस. का? तर तो काही मिनिटांत रक्तातली साखर वर नेतो म्हणून. खाली गेलेली साखर ज्या वेगानं तो वर काढतो, त्याच वेगानं आधीच वर असलेली आणखी वर चढवतो. वॉर्डात मधुमेहाच्या पेशंटच्या उशाला ज्यूसचा खोका दिसला की मला हेच आठवतं.

ताज्या रसाबद्दलही कमेंटमध्ये विचारलं जाणार, म्हणून आत्ताच लिहितो. समोर काढलेल्या मोसंबीच्या रसात सी जीवनसत्त्व ताजं असतं, पण चोथा तिथंही डब्यात जातो, आणि "साखर, बर्फ नको" असं आधी सांगितलं नाही तर गाडीवाला सवयीनं पाक घालतोच. रंकाळ्यावर आलं-लिंबू घातलेला उसाचा रस मलाही आवडतो. तो गोड चैनीची गोष्ट म्हणून पितो, टॉनिक म्हणून नाही.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात द्यायच्या जलसंजीवनीच्या, नावाच्या गैरवापराचा. जुलाबानं मलूल झालेल्या बाळाचे आई-बाप धावत येतात, ओआरएस मागतात, आणि वर्षानुवर्षं त्यांना सफरचंदाच्या नाहीतर संत्र्याच्या चवीचं टेट्रापॅक दिलं गेलं, कारण त्याच्या नावात ती तीन अक्षरं होती. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि जोडीला मोजून मीठ, पोटॅशियम, सायट्रेट. टेट्रापॅकमध्ये साखर त्याच्या कितीतरी पट आणि मीठ अपुरं. जास्त साखर आतड्यात गेली की ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध सुमारे आठ वर्षं लढल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातली. एका डॉक्टर बाईंना त्यासाठी इतकी वर्षं घालवावी लागली, हे चांगलं नाही. तुम्ही दुकानात गेलात तर पावडरची पुडी मागा, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. लिटरची पुडी असेल तर अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, निम्मी-निम्मी नाही. वरून साखर घालू नका.

सरकारबद्दलही माझी तक्रार आहे. सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या फसफसत्या कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी आहे आणि फळांच्या रसाच्या बिनगॅसच्या ड्रिंकवर १२ चा ५ टक्के झाला. शेतकऱ्याच्या फळाला उठाव मिळावा हा विचार मी समजू शकतो, आपणही शेतकऱ्याचीच पोरं आहोत. पण दहा-पंधरा टक्के फळ आणि कोलाएवढी किंवा जास्त साखर असलेल्या बाटलीला तीच सवलत कशाला? कर लावायचाच तर साखरेच्या ग्रॅमवर लावा. आणि साखरेचा आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूला, फळाच्या चित्राएवढाच मोठा छापायला लावा. चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरांत मागच्या घडीवर नको.

लहान पोरांचं म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय: दोन वर्षांखाली ज्यूस नकोच, दोन ते पाच वर्षांत द्यायचाच तर दिवसाला १२५ मिलीपर्यंत, पुढं २५० मिली, आणि तोही शक्यतो ताजा. तहानेला पाणी, नाहीतर ताक. सुट्टीत आजोळी आलेल्या पोरांना आजरा-राधानगरीकडची करवंदं, जांभळं खाऊ द्या की. हात, जीभ, शर्ट सगळं जांभळं होईल, होऊ दे.

आणि वॉर्डात न्यायला काय घ्यायचं? शहाळं चांगलं, १०० मिलीत साखर साधारण तीनच ग्रॅम. मोसंबी, पेरू, केळी न्या, सोबत सुरी न्या आणि सोलून द्या. फक्त आधी सिस्टरना विचारा, पेशंट किडनीचा आहे का? कारण शहाळ्यात, केळ्यात, संत्र्याच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनीच्या पेशंटला ते सोसत नाही. अशा वेळी काहीच न नेता तासभर शेजारी बसा, नाहीतर ज्यूसच्या पैशात रात्री थांबणाऱ्या माणसाला जेवणाचा डबा आणून द्या. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं.