साहेब नुसते उभे नव्हते

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एका आगीचा व्हिडिओ टाकला. धूर, बंबाच्या गाड्या, पाइप ओढत पळणारी पोरं आणि एका कडेला पांढरं हेल्मेट घातलेले अधिकारी, हातात वॉकीटॉकी. खाली ओळ, "पोरं जीव देतायत आणि साहेब नुसते उभे." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मला हसू आलं नाही. कारण हे वाक्य एकदा माझ्याच तोंडून निघालंय, तेही किंचाळून.

9 वर्षं झाली. आमच्या खालच्या मजल्यावर आग लागली. मी लेकीला घेऊन खाली पळाले, नानांना आणायला परत वळले, तोवर जिना धुरानं भरला होता. नाना म्हणजे माझे सासरे. पलंगावरून स्वतःचे स्वतः उठू शकत नव्हते. गाडी आली, अधिकारी उतरले, मी त्यांची बाहीच धरली. त्यांनी विचारलं, "वर किती माणसं? कुठल्या खोलीत? चालता येतं का त्यांना?" मी सांगितलं. आणि ते इमारतीला वळसा घालायला निघाले. चालत! मी मागून ओरडले, "अहो साहेब, तिकडे कुठे फिरताय, आत जा ना!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

त्या वळशाचा अर्थ मला फार नंतर कळला. आग चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय माणसं आत घालायची नाहीत, हे वरिष्ठ अधिकाऱ्याचं पहिलं काम. धूर कुठून जोरात बाहेर पडतोय, आग कुठल्या खोलीत आहे, शिडी कुठे टेकेल, डोक्यावर विजेच्या तारा आहेत का, पाणी किती वेळ पुरेल. नानांच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला होती. ते पुढे उभ्या असलेल्या कुणालाच दिसत नव्हतं, त्यांना दिसलं. परत आले, दोघांना पाइप देऊन जिन्यात पाठवलं, खालची आग वर चढू नये म्हणून, आणि शिडी मागे नेली.

आणि मग मधेच त्यांनी जिन्यातल्या त्या दोघांना बाहेर बोलावलं. आग विझलेली नव्हती. मी पुन्हा ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

दोघं बाहेर आले आणि थोड्याच वेळात खालच्या घराच्या सगळ्या खिडक्यांतून एकदम ज्वाळा बाहेर पडल्या. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. छताखाली साठलेला धूर 500-600 अंशांपर्यंत तापला की खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच वेळी पेट घेते. आत असलेला माणूस, अंगावर कितीही चांगला सूट असो, वाचणं कठीण. खिडकीतून येणाऱ्या धुराचा रंग आणि वेग बदललेला त्यांनी खालून पाहिला होता. आत असलेल्याला ते दिसत नाही. म्हणून कोणीतरी बाहेर उभं असावंच लागतं! आत कोण गेलं, किती वाजता गेलं, कुणाच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली, हे सगळं त्या "नुसतं उभं" असलेल्या माणसाच्या डोक्यावर असतं.

आणि साहेब आत जातच नाहीत म्हणणाऱ्यांनी मे 2015 ची काळबादेवीची आग आठवावी. इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. त्यांत मुंबईच्या दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते, उपप्रमुख सुधीर अमीन होते. टाका आता हसरे चेहरे.

बरं, सगळेच अधिकारी तसे नसतात, मान्य. चुकतातही. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीला आग लागली तेव्हा लोकांना "घरातच थांबा" असं सांगितलं जात होतं, कारण आग एका घरातच अडून राहील असं धरून नियम तसा होता. पहिला फोन रात्री 12.54 चा, तो सल्ला मागे घेतला 2.47 ला. 72 माणसं गेली. पुस्तकातला नियम समोरच्या इमारतीत चालत नाहीये हे ओळखून तो तिथल्या तिथे फिरवायची धमक, ही माझ्या मते या पदाची खरी पात्रता. चौकशीतही तेच निघालं, की हा निर्णय बराच आधी घेता आला असता.

म्हणूनच या खुर्चीवर कोण बसतंय याचा मला राग येतो. ज्यानं कधी धुरात गुडघ्यांवर रांगून भिंत चाचपली नाही, त्याच्याकडे "अतिरिक्त कार्यभार" म्हणून ही जागा सोपवायची? फायली तो चांगल्या हलवेल, हेही मान्य. बजेट, खरेदी, भरती ही कामं आहेतच, आणि ती नीट झाली नाहीत तर पोरांना फाटके पाइप मिळतात. पण रात्री 3 वाजता "बाहेर या" हा शब्द कुठल्या क्षणी उच्चारायचा, ते फाइल शिकवत नाही. उलटंही खरं. नुसती वर्षं भरली म्हणून बढती नको. इमारती बदलल्या, दर्शनी भागावरचे पत्रे बदलले, गाड्यांत बॅटऱ्या आल्या. अभ्यास थांबवलेला अनुभवी माणूस मला तितकाच धोक्याचा वाटतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. नाना आठवले. घोंगडीत गुंडाळून शिडीवरून खाली आणलं त्यांना. पुढे 4 वर्षं जगले. नातीला अक्षरं त्यांनीच शिकवली.

तेच अधिकारी दोन दिवसांनी परत आले. मला वाटलं माझ्या ओरडण्याबद्दल बोलतील. मीच माफी मागितली, तर म्हणाले, "ताई, घरचं माणूस आत असलं की सगळेच ओरडतात." मी विचारलं तेव्हा तो वळसा आणि तो धूर त्यांनी मला समजावून सांगितला. मग आमच्या जिन्याकडे बोट दाखवलं. चपलांची कपाटं, जुनं कपाट, दोन सायकली. तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "माझी पोरं यात अडखळत होती. उद्या मी परत येणार, जिना मोकळा पाहिजे." आले. मोकळा होता. आग लागण्याआधीची ही कामं, तपासणी, नकाशे, लोकांच्या मागे लागणं, यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

आज हे लिहायला बसण्याआधी मी जिन्यात जाऊन आले. पहिल्या मजल्याच्या वळणावर सायकल उभी आहे, कुलूप लावून. ज्यांनी सकाळी तो व्हिडिओ टाकला, त्यांचीच. मी आता त्यांच्या दाराची बेल वाजवायला निघालेय.