गटाराचं झाकण

आज दुपारी आमच्या गल्लीत एक समारंभ झाला. अर्धा तास धो धो पाऊस, पोटऱ्यांपर्यंत पाणी, आणि चार जण पहार घेऊन हजर. चेंबरचं झाकण उचललं. पाणी गरगरत आत गेलं, दहा मिनिटांत रस्ता मोकळा. टाळ्या! एकाने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, वर लिहिलं 'टीमवर्क'. खाली अंगठ्यांची रांग.

मी अंगठा दिला नाही, तर लगेच "वहिनींचं काय बिनसलंय?" वहिनींचं हे बिनसलंय, वाचा आता.

ते झाकण मैल्याच्या लाइनचं आहे. वरसादी गटर, म्हणजे पावसाच्या पाण्याचं, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला आहे. त्यात पाणी जात नाही, कारण दुधाच्या पिशव्या आणि कुणाच्या तरी नव्या किचनचा राडारोडा आपणच तिथे कोंबलाय. ते उपसायला कोणी पहार घेऊन येत नाही, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येत नाही.

आणि पाणी 'गेलं' म्हणजे कुठे गेलं हो? उतारावरच्या कुणाच्या तरी मोरीत गेलं. मला माहीत आहे, कारण ऑगस्ट 2024 मध्ये ते माझ्या मोरीत आलं होतं.

जन्माष्टमीचा तो आठवडा बडोद्यात कोण विसरेल? विश्वामित्री 35 फुटांच्या वर, रस्त्यावर मगरी. पण नदी आमच्या गल्लीपर्यंत पोचलीच नव्हती. आम्ही उंबऱ्याशी पोती रचून दाराकडे डोळे लावून बसलेलो, आणि पाणी आलं मागून. मोरीच्या जाळीत आधी बुडबुड, मग झुरळं, मग काळं पाणी. जाळीत जुनी गोधडी कोंबली, आणि मी नि लेकीने मिळून वर पाटा ठेवला. सासूबाईंच्या माहेरचा पाटा, एकटीने उचलवत नाही असा. मी त्याच्याकडे बघत उभी होते, आणि तो हलला.

आता कोणीतरी लिहीलच की पूर पावसाने आणि आजवा तलावातून आलेल्या पाण्याने आला, गटाराने नाही. बरोबर. दोनाच्या जागी दहा पाइप असते तरी नदी चढलीच असती. पण नदीचं पाणी वेगळं आणि दहा घरांच्या संडासांचं वेगळं, हे ज्या बाईने ते देवघरातून पुसलंय तिला विचारा.

माझा मामेभाऊ लंडनला असतो. तो सांगतो, तिथे दीडशे वर्षांपूर्वी पाऊस आणि मैला एकाच पाइपात घातला. आता अख्खं शहर खणून ते वेगळं करणं जमेना, म्हणून थेम्सच्या काठाने 25 किलोमीटरचा बोगदा काढला. जास्त पाऊस झाला की नदीत जाणारी घाण त्यात अडवायची. बिचाऱ्यांना पाइप एकच मिळाला होता. आपल्याकडे दोन आहेत आणि आपण पहारीने ते एक करतो! पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत शिरलं की शुद्धीकरणाच्या प्लांटला ते झेपत नाही, मग सगळं तसंच विश्वामित्रीत. उलटंही चालतंच. भूखी कांस हा आमच्याकडचा नाला पावसाच्या पाण्यासाठी, पण भर मे महिन्यात तिच्या काठाने नाक न धरता चालून दाखवा. मे महिन्यात कुठला पाऊस?

(हो, रस्त्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणीही काही गंगाजल नसतं. शेण असतं, ऑइल असतं. मान्य. तरी ते संडासाचं नसतं.)

खरं तर इथेच थांबले असते तर मी फार शहाणी दिसले असते. पण पुढचं सांगते.

पूर ओसरल्यावर मिस्त्री बोलावला. त्याने अंगणातलं चेंबर उघडलं, लेकीला गच्चीवर बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि हसून म्हणाला, "बेन, आ तो तमारुं ज पाणी छे." म्हणजे, हे तर तुमचंच पाणी. गच्चीचा पाइप थेट मैल्याच्या चेंबरात. सासऱ्यांनी 1987 ला घर बांधलं तेव्हाच जोडलेला. अंगणात चिखल नको, म्हणून. सासरे अतिशय नेमके, वाण्याच्या पावत्यासुद्धा तारखेवार लावून ठेवणारे. त्यांच्या मनालाही हे शिवलं नसेल.

रात्री हिशेब मांडला. आमची गच्ची हजार चौरस फुटांची. 4 इंच पाऊस म्हणजे सुमारे 9,400 लिटर. आम्ही चौघं, माणशी 135 लिटर पाणीवापर या सरकारी मापाने दिवसाला 540. म्हणजे आमच्या घराच्या सतरा दिवसांच्या वापराइतकं पाणी मी एका दुपारी त्या पाइपात ढकलत होते. आणि 31 जुलै 2019 ला तर एका दिवसात जवळजवळ 20 इंच पडला होता. तेव्हा कुणाचा पाटा हलला असेल?

जोडणी बदलायला एका कार्यालयात गेले. तीन टेबलं फिरल्यावर उत्तर मिळालं की वरसादी लाइन तुमच्या गल्लीत आहे, पण आमच्या नकाशात नाही. ज्या गावात सयाजीरावांनी 1892 मध्ये आजव्याचं पाणी आणलं, त्या गावात हे ऐकायचं! (सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय आम्हा बडोदेकरांची पोस्ट संपत नाही, माहीत आहे.) शेवटी गच्चीचा पाइप तोडून अंगणात शोषखड्डा केला. मिस्त्रीचे पैसे गेले आणि सासूबाईंची जास्वंद गेली. आठ दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

दुपारी झाकण उचलणाऱ्यांवर मी चिडले, पण त्यातला एक तर 2024 ला आम्हाला दूध आणून देत होता, गल्लीबाहेरच्या छातीभर पाण्यातून. त्याला कोण काय बोलणार. त्याचं घर आमच्या वरच्या अंगाला आहे, त्याच्या मोरीत कधी काही आलं नाही, एवढंच.

आता साडेनऊ झालेत, पुन्हा भुरभुर सुरू आहे. आत्ता खिडकीतून बघितलं तर झाकण अजून बाजूलाच पडलंय, भोकात कोणीतरी निलगिरीची फांदी खोचलीय. गल्लीतले दिवे गेलेत. दुपारची ती पहार ज्याच्याकडे असेल त्याने ती घेऊन खाली या, मी टॉर्च घेऊन निघतेय.