जोडणी उलट क्रमाने

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील म्हणजे तळहातावर मावणारी रबराची कडी. आत पत्र्याची रिंग, ओठाभोवती एक बारीक स्प्रिंग, आणि जन्मभर काम एकच: क्रोमची नळी खालीवर होत असताना तेल आत ठेवायचं, धूळ बाहेर. गाडीचं वय झालं की हा ओठ कडक होतो आणि तेल नळीवरून खाली उतरायला लागतं. खाली डिस्क ब्रेक बसलेला. गाडी थांबवायची ज्याच्यावर जबाबदारी त्यालाच तेल पाजायचं, हे काही खरं नाही. त्यामुळे 'बघू पुढच्या महिन्यात' हे माझं लाडकं धोरण या एका बाबतीत गुंडाळावं लागलं.

मेकॅनिककडे का नाही दिली, असं घरात विचारलं गेलं. त्याचं असं आहे, की जुनी गाडी बाळगणाऱ्याकडे कुठून तरी मिळवलेली मॅन्युअलची झेरॉक्स असते, आणि ती एकदा हातात आली की माणूस मेकॅनिकशी बरोबरीने बोलायला लागतो. मॅन्युअल फार शांत स्वभावाचं पुस्तक आहे. 'पुढचं चाक काढा.' 'सर्क्लिप काढा.' आवाज कुठे चढत नाही. कारण मॅन्युअलमधली गाडी नवी कोरी असते. तिने एकही पावसाळा पाहिलेला नसतो.

चाक निघालं. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेकचा भाग, दोरीने वर बांधला, नाही तर त्याचं सगळं वजन ब्रेकच्या पाइपवर येतं. त्याच्या दोन पॅडच्या मध्ये लाकडाची पाचर घातली, कारण डिस्क नसताना कुणी ब्रेक दाबला तर पिस्टन बाहेर यायला बघतात. आणि ब्रेक कुणी तरी दाबतंच. मोकळी गाडी दिसली की लिव्हर दाबून बघायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. शेजारचे काका आले, 'काय, खोललीत वाटतं?' म्हणाले आणि सवयीने लिव्हर दाबला. पाचर होती. मी काहीच बोललो नाही.

वरची झाकणं शॉकअप गाडीवर असतानाच सैल करायची असतात. एकदा बाहेर काढला की त्या गुळगुळीत नळीला धरायचं कुठे? झाकणाखाली स्प्रिंग दबा धरून बसलेली असते. 'काका, तोंड बाजूला घ्या.' काकांनी घेतलं, झाकण उडालं, आणि काका पाणी प्यायला घरी गेले.

मग जुनं तेल. रंग राखाडी, त्यात धातूची चकाकी, आणि वास असा की आतून कुणी तरी येऊन 'काही मेलंय का इथे?' विचारून गेलं.

आता मुख्य शत्रू. शॉकअपच्या बुडाशी, खोल खड्ड्यात, एक ॲलन बोल्ट असतो. तो आतल्या डँपर रॉडला, म्हणजे शॉकअपची उसळी आवरणाऱ्या दांड्याला, धरून ठेवतो आणि तो सुटल्याशिवाय नळी बाहेर येत नाही. जाणती माणसं हा बोल्ट स्प्रिंग आत असतानाच, शॉकअप दाबून धरून सोडवतात, म्हणजे रॉड जागेवर राहतो. मीही तसंच करून पाहिलं होतं. पण 'निघतो हं आता' म्हणत उंबऱ्यात तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो नुसता जागच्या जागी फिरत राहिला. आत रॉडही त्याच्याबरोबर फिरतोय. मॅन्युअलचं म्हणणं, विशेष अवजार वापरा. हे विशेष अवजार मी फक्त मॅन्युअलच्या चित्रात पाहिलं आहे. प्रत्यक्षात वापरतात तो झाडूचा दांडा. टोक निमुळतं तासून वरून नळीत ठोकायचा, म्हणजे तो रॉडच्या डोक्यात घट्ट रुततो. दांडा मिळवण्यासाठी घरात जी बोलणी झाली त्यांचा तपशील देत नाही. बोल्ट सुटला, एवढं खरं.

सर्क्लिप, म्हणजे सील जागेवर धरून ठेवणारी तारेची कडी, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. धुळीच्या रबराखाली वर्षानुवर्षं पाणी साचून ती खाचेतच गंजलेली असते. स्प्रे मारा, थांबा, पेचकसाने डिवचा, परत स्प्रे मारा. ती निघत नाही, निघत नाही, आणि मग एकदम दिसेनाशी होते.

नळी पुसून नख फिरवलं. नख जिथे अडेल तिथे गंजाचा खड्डा, आणि सील ज्या पट्ट्यात घासतं तिथे तो असला तर नवं सीलही फार दिवस टिकत नाही. माझा खड्डा त्या पट्ट्याच्या बराच वर निघाला. त्या आनंदात काकांना चहाला बोलावलं.

आणि ज्यासाठी हा सगळा पसारा, ते सील? नळीच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी, तिला तेलाचा हात, म्हणजे धारेवर ओठ फाटत नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. वर जुनं सील ठेवून मापाच्या पीव्हीसी पाइपने ठोकत गेलो. ठप, ठप, ठप, आणि मग टक. आवाज बदलला म्हणजे बसलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. थोडा अपमानच वाटला.

तेलावर काका पुन्हा बोलते झाले. त्यांच्या मते इंजिनात घालतात तेच घालावं. मी डब्यावरचा १०डब्ल्यू, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा, दाखवला. खरं तर एका कंपनीचं १०डब्ल्यू आणि दुसरीचं १०डब्ल्यू सारखंच दाट असेल असं नाही, पण हे मी काकांना कळू दिलं नाही. स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण खाली दाबून, वरून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं आणि दोन्ही बाजूंना सारखं ठेवायचं. हो, दोन्ही बाजूंना. दुसरा शॉकअप गळत नव्हता, पण सील जोडीनेच बदलतात. म्हणजे झाडूचा दांडा अजून परत देता येत नव्हता.

यानंतर मॅन्युअलमध्ये एकच ओळ आहे: 'जोडणी उलट क्रमाने करावी.' एवढंच. बुडाच्या बोल्टला तांब्याचं नवं वायसर लागतं, किंवा चाकाच्या एक्सेलचा शेवटचा बोल्ट आवळण्याआधी ब्रेक धरून शॉकअप चार वेळा दाबायचे म्हणजे ते दोन्ही सरळ बसतात, हे ज्याचं त्याने शोधावं.

गाडी आता चालते. नळीवर तेलाचा पुसटसा थर दिसतो, आणि तो असायलाच हवा. ओठ कोरडा पडला तर झिजेल. हे मला पाठ आहे. तरी प्रत्येक सिग्नलला मी खाली वाकून बोट फिरवून बघतो, आणि मागच्यांना हॉर्न वाजवावा लागतो.