बासरीत हवा येते म्हणून जोरात फुंकताय? थांबा जरा

आमच्या बासरीच्या ग्रुपवर तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. "सुरापेक्षा हवाच जास्त येते? हे 5 उपाय करा, 8 दिवसांत फरक." उपाय काय तर जोरात फुंका, रोज फुगे फुगवा, हसताना ताणतो तसे ओठ ताणा, फुंकायचं भोक पॉलिशपेपरने घासून मोठं करा आणि एवढं करून नाहीच जमलं तर महागातली बासरी घ्या. यातले पाचही मी करून बसलोय, एक बासरी त्यात कायमची गेली, म्हणून आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, जोरात फुंका. सगळा घोळ इथेच आहे. बासरीत पेटीसारखी पत्ती नसते, हलते ती फक्त हवा. ओठांतून निघालेली हवेची बारीक पट्टी भोकाच्या पलीकडच्या कडेवर पडते आणि घडीत आत घडीत बाहेर अशी झुलते. पांढरी तीनची, म्हणजे ज्याला आपण ई ची बासरी म्हणतो ती घेऊन मध्य सा लावलात तर सेकंदाला साधारण 330 वेळा. जी हवा त्या कडेवर नीट पडत नाही ती नुसती सुस्स करत निघून जाते, आणि आपल्याला नको असलेला आवाज तो हाच. आता तुम्ही जोर वाढवलात तर वाया जाणारी हवाही जोरात वाया जाणार ना! वर एका हद्दीपुढे सा टुणकन उडी मारून तार, म्हणजे वरच्या सप्तकात जातो ते वेगळंच. नवशिक्यांना दहा मिनिटांत चक्कर येते तीही यामुळेच, दम कमी म्हणून नाही, तर भसाभस श्वास सोडत राहिल्यामुळे.

मला हे कळलं ते माझ्या बासरीच्या सरांनी एकदा बासरी बाजूला ठेवायला लावली तेव्हा. म्हणाले तळहात ओला कर, तोंडापासून चार बोटांवर धर आणि सा लावतोस तशी फुंक मार. मारली. अख्खा तळवा गार. मग त्यांनी स्वतःचा हात ओला केला, फुंक मारली आणि तळव्यावर बोट ठेवून दाखवलं, गार कुठे लागतंय, तर डाळीच्या दाण्याएवढ्या जागेत. "तू गरम चहावर फुंकर मारतोयस, बासरीत नाही." पुढचे दोन आठवडे मी बासरीपेक्षा तळहातावरच जास्त वाजवलं, ऑफिसात लोक बघायचे. सुरुवातीला माझा सा जेमतेम 8 सेकंद टिकायचा, ठिपका लहान झाला तसा 15-16 पर्यंत गेला. फुप्फुसं तीच होती हो, गळती कमी झाली.

फुगे. यावर फार बोलण्यासारखं नाही. फुग्याला दाब लागतो, बासरी तोंडावर उघडीच असते, ती उलट दाब देतच नाही. फुगे फुगवून गाल फुगवायची सवय मात्र लागते, मग ती मोडत बसा.

ओठ ताणा, यात अर्धं खरं आहे म्हणून हे जास्त फसवं. ओठांचे कोपरे जागेवर धरायला लागतात हे बरोबर. पण हसल्यासारखं ताणलं की मधली फट रुंद आणि चपटी होते, हवा दोन्ही बाजूंनी सांडते. ओठाला तीळ चिकटलाय आणि तो थू करून उडवायचाय असं करून बघा, तेव्हा ओठ मधे आपोआप जसे येतात तसे हवेत, कोपरे धरलेले पण मधला भाग मऊ. आणि आरसा घ्या समोर. काहींच्या वरच्या ओठाला मधोमध थेंबासारखं टोक असतं, त्याने हवा दुभंगते, अशांनी खुशाल फट थोडी डावी-उजवीकडे घ्यावी, बासरी तेवढीच सरकवावी, काही पाप लागत नाही.

भोक घासणं. कृपा करून नको. बनवणारा तापलेल्या सळईने भोक पाडतो आणि मग कड हाताने जमवत आणतो, सूर त्या कडेवर तयार होतो. मी पॉलिशपेपर फिरवला, कड गोल झाली, आधी थोडी हवा यायची ती नंतर सगळीच हवा झाली, शिवाय सूर चढला तो चढलाच. घासायच्या आधी बासरी नुसती बोटभर आत-बाहेर फिरवून बघायला काय जात होतं माझं? बाहेर फिरवली की हवा वाढते, आत घेतली की आवाज घट्ट होतो पण सूर उतरतो, या दोन्हींच्या मधे कुठेतरी तुमची जागा असते. खालच्या ओठाने भोकाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकलेला असला की शोधायला सोपं जातं.

राहिली महागातली बासरी. ती घेण्याआधी एक करा. फक्त तोंडाजवळचं पहिलं भोक झाकून ग लावा, मग रे, मग सा. इथपर्यंत स्वच्छ येतंय आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या नी, ध, प ला एकदम जास्त हवा यायला लागतेय? मग ओठांआधी बोटांवर संशय घ्या, खालच्या हाताचं बोट भोकावरून किंचित सरकत असेल, बहुतेक वेळा अनामिका. मोठ्या बासरीवर बोटांची टोकं नाही, पेरं आडवी ठेवायची असतात. बासरीवादक पन्नालाल घोषांनी ही लांब बासरी रागसंगीतात आणली तेव्हापासून हा पसरट पंजा आपल्या मागे लागलाय. ग पासूनच हवा असेल तर ओठ. आणि काल ठीक होतं, आज अचानक सगळेच स्वर फुसके झाले, तर उजेडात धरून बांबूला केसाएवढा तडा गेलाय का बघा, उन्हाळ्यात जातो. हे कारण मात्र बासरीच्या माथी मारता येतं, आणि तेही बऱ्याचदा वेळेवर दोरा गुंडाळला तर निभावतं.

अजून एक, जे मेसेजमध्ये नाहीच. मंद्रात थोडी हवा सगळ्यांचीच येते, चांगल्या चांगल्यांची पण, आणि वाजवणाऱ्याच्या कानाला ती सगळ्यात जास्त ऐकू येते कारण कान तिथेच आहे. मोबाइल तोंडासमोर धरून रेकॉर्ड केलंत तर वादळच ऐकू येणार. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फुंकेच्या रेषेतून बाजूला ठेवा आणि मग ऐका.